माँटेव्हिडिओतला तापलेला फेब्रुवारी

“ठेव ते खाली! बेबी, आधी ठेव ते खाली म्हनतो ना तुले!”

माझा मोठा भाऊ कॅनडातल्या किचनरहून ओरडत होता आणि माँटेव्हिडिओतल्या एका गल्लीत जमलेले लोक त्याला टाळ्या देत होते. फोन माझ्या मित्राच्या हातात, स्पीकर चालू, आणि दादाचा आवाज असा की त्याला स्पीकर लावणं म्हणजे वणव्याला टेबल फॅन लावणं. माझ्या खांद्यावरून पट्टा, पट्ट्याला लटकलेला पिंपाच्या आकाराचा ड्रम, एका हातात काठी, दुसरा हात कातड्यावर. समोर रस्त्याच्या कडेला खोक्यांचा आणि फळ्यांचा जाळ. तिकडे पडद्यावर दादाचं गॅरेज, दादाची माकडटोपी, मिशीवर बर्फ. गल्लीतल्या कुणाला मराठी येत नव्हतं, वऱ्हाडी तर नाहीच. त्यांना दिसलं ते एवढंच की कॅनडातला एक गोठलेला नवरा आपल्या बायकोला ‘बेबी’ म्हणत जिवाच्या आकांतानं प्रोत्साहन देतोय. एक म्हातारा मला म्हणाला, पुढच्या वर्षी याला घेऊन ये, मिरवणुकीच्या पुढे ओरडायला असाच माणूस लागतो.

मी खाली ठेवलं नाही.

हे सगळं आज वर आलं ते बर्फ उपसायच्या शोव्हलमुळे. फेब्रुवारी परत आलाय. मी राहते त्या मिसिसागात फेब्रुवारी म्हणजे काय हे ज्यानं सोसलंय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं सोसलं नाही त्याचा विश्वास बसणार नाही, म्हणून मी मोकळेपणानं सांगते. एका वर्षी मी ड्राइव्हवे इतका खोल उपसला की खाली आधीच्या मालकाचा ड्राइव्हवे लागला आणि त्यात त्याची हरवलेली गाडी. आज सकाळी तसंच उपसत होते. एकदा बुटानं ढेकूळ दाबायचं, दोनदा शोव्हल घासायची. दाब, घास घास. दाब, घास घास. आणि अचानक बर्फाच्या मध्यात उभी राहून मला जळक्या खोक्यांचा वास आला. तापलेल्या कातड्याचा वास आला. समोरच्या घरातली बाई खिडकीतून बघत होती. तिला वाटलं असेल, हिला अटॅक आला. मी तिला शोव्हल उंचावून दाखवली.

गेल्या हिवाळ्यात मी रिकामी झाले होते. विमानतळाजवळच्या ज्या ऑफिसात मी इतकी वर्षं काढली की तिथल्या कुंडीतलं रबराचं झाड मला बघून पानं हलवायचं, त्या ऑफिसानं एके दिवशी मला केक खाऊ घातला आणि घरी पाठवलं. बाई रिकामी झाली की सगळ्यांना तिच्यासाठी कामं सुचतात. दादा आमच्या मंडळाचा अध्यक्ष. त्याला सुचलं की बेबीनं विहाराच्या लायब्ररीतली पुस्तकं लावावीत, पालीचा वर्ग चालवावा, आणि जयंतीच्या जेवणाचं बघावं. विचारणारं दुसरं घरी कुणी नाही. मुलगी व्हँकुव्हरला, मिस्टर फोटोत. मी नकाशा काढला आणि बर्फापासून जितकं लांब जाता येईल तितकं बोट खाली सरकवत नेलं. माँटेव्हिडिओपाशी थांबले, कारण आणखी सरकवलं असतं तर परत बर्फच लागला असता.

मुलीनं पाठपिशवी धाडली. ती पाठीवर घेतली की मागून बघणाऱ्याला फक्त पिशवी आणि तिला फुटलेले दोन बूट दिसायचे. आत कपडे थोडे, जवसाची चटणी भरपूर. होस्टेलात मला वरची खाट मिळाली. माझ्या एकटीच्या वयात त्या खोलीतली दोन पोरं आणि त्यांची गिटार आरामात बसली असती. पहिल्या दिवशी शिडी चढून वर गेले ती खाली कसं उतरायचं ते न कळल्यामुळे दुपारपर्यंत वरच राहिले, आणि लोक मला खालून केळी देत होते. तशीच ओळख झाली दोघांशी. एक मार्सेल, मॉंट्रियलचा निवृत्त बस ड्रायव्हर, गुडघा कामातून गेलेला, जो प्रत्येक तक्रारीची सुरुवात फ्रेंचमध्ये करून शेवट इंग्रजीत करायचा. दुसरी बेया, शेजारच्या अर्जेंटिनातली विद्यार्थिनी, जिला जगातल्या सगळ्या भाषा येतात असा तिचा समज होता आणि आमचा नाइलाज. आम्ही तिघं एका चटणीच्या डब्यावर मित्र झालो. मार्सेलनं पहिला घास खाल्ला, तो थेट नळाशी गेला, आणि परत येऊन दुसरा मागितला. अशा माणसावर मी डोळे मिटून विश्वास ठेवते.

काय शहर होतं. तिथे मूल जन्माला येतं तेच काखेत थर्मास घेऊन. बँकेत थर्मास, बसमध्ये थर्मास, भांडण चालू आहे आणि दोघांच्याही काखेत थर्मास, म्हणून हातापायी कधी होत नाही. त्यातून तो कडू काढा सारखा घोट घोट प्यायचा आणि शेजाऱ्याला त्याच नळीनं पाजायचा. कॅनडात आम्ही लिफ्टमध्ये माणूस दिसला तर पुढच्या लिफ्टची वाट बघतो. इथे अनोळखी बाईची उष्टी नळी तोंडात घालून मी तिच्या सुनेची गाऱ्हाणी ऐकली, एकही शब्द न कळता, आणि सून चुकीची आहे असं माझं मतही झालं. पाऊस आला की कोपऱ्याकोपऱ्यावर लोक पुऱ्या तळायला लागायचे. पुऱ्याच, अगदी आपल्या, फक्त मध्ये भोक. आणि समोर नदी, जिचा पलीकडचा काठ दिसत नाही. आमच्या गावाकडच्या नदीच्या लाखपट रुंद. अर्थात आमची नदी उन्हाळ्यात शून्यच असते, त्यामुळे हा हिशोब कुणी तपासू नये.

आणि दर रविवारी, ऊन कलायला लागलं की, ड्रम.

आधी आवाज येत नाही, आधी धूर येतो. गल्लीच्या तोंडाशी खोकी पेटवतात आणि सगळे ड्रम त्या जाळाकडे तोंड करून रिंगणात आडवे निजवतात, थंडीत शेकत बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे. कातडं तापून ताणलं गेलं पाहिजे. कुणीतरी मधूनच वाकून तळहातानं वाजवून बघतं, मान हलवतं, पुन्हा निजवतं. मी पहिल्यांदा ते पाहिलं आणि माझे पाय रस्त्याला खिळले. मार्सेलनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, धूर गेला डोळ्यात. डोळ्यांत धूर नव्हता. कातडं असं विस्तवावर धरून ताणतात हे मला माहीत होतं. मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या घरात त्याविषयी न बोलण्यावरूनच मला ते माहीत झालं होतं.

त्या गल्लीच्या ड्रमांची मालकीण ग्रासिएला. शाळेत स्वयंपाक करणारी, काळी, उंच, दंड असे की तिनं कणीक मळली तर टेबलाला कळ येत असेल. तिचे पूर्वज गुलाम म्हणून जहाजातून आणलेले. मी तीन रविवार नुसती बघत उभी राहिलेली तिला खपलं नाही. चौथ्या रविवारी तिनं सगळ्यात लहान ड्रम उचलला आणि माझ्यापुढे धरला. आता इथे जे झालं ते आमच्याच माणसाकडून होऊ शकतं. हातात वाद्य येतंय म्हटल्यावर माझा हात सवयीनं ड्रमला लागून कपाळाकडे निघाला, नागपुरात शेजारच्यांचं बघून लागलेली सवय, आणि अर्ध्या वाटेत मला आठवलं की आपण बावीस प्रतिज्ञांवाले, वस्तूच्या पाया पडत नाही. हात तिथेच, भुवईपाशी, ताठ थांबला. ग्रासिएलाला वाटलं हा आमच्याकडचा सलाम. तिनं टाचा जुळवून मला सलाम ठोकला. तिच्या मागच्या वादकाने ठोकला. मग सगळ्या गल्लीनं. त्यानंतर मी त्या भागात भाजी घ्यायला गेले तरी लोक मला सलाम करायचे, आणि मुक्काम संपायला आला तेव्हा ट्रॅफिकचा पोलीससुद्धा.

ड्रम तीन जातींचे, म्हणजे आकारांचे. तो शब्द मी उगाच वापरला. मोठा घुमतो, मधला बडबडतो, आणि लहान एकच गोष्ट न थकता सांगत राहतो. एकदा हात, दोनदा काठी. लहान थांबला तर बाकीचे रस्ता चुकतात. ग्रासिएलानं माझं मनगट धरून तो ठोका माझ्यात भरला. जमला तेव्हा बेया नाचली, मार्सेल त्याच्या गुडघ्यासकट नाचला, आणि नेमका त्याच वेळी फोन वाजला, कारण रविवारी किचनरहून फोन येतो, भूकंप झाला तरी येतो.

दादाला एवढं का लागलं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही त्याला नुसता तापट समजाल. तापट तो आहेच. राग आला की त्याची भाषा किचनरहून निघून थेट वर्ध्याच्या अलीकडे उतरते. पण त्यानं जे पाहिलंय ते मी पाहिलेलं नाही. आमच्या गावात डफडं आमच्या घराकडे होतं. मान म्हणून नाही, वेठ म्हणून. कुणाचं लग्न निघालं, पोळा आला, कुणी मेलं, की निरोप्या यायचा. मांडवाबाहेर उन्हात उभं राहून वाजवायचं, आतल्या पंगती उठेपर्यंत, आणि मग कुणी लांबून टाकेल ते घेऊन यायचं. दीक्षा घेतल्यावरही काही वर्षं ते सुटलं नाही. मग एका पोळ्याला माझ्या वडिलांनी निरोप्याला सांगितलं, यापुढे नाही. गिरणीवर आमचं दळण घेईनात. विहिरीची वाट बंद झाली. बाबांनी भिंतीवरचं डफडं काढलं, सुरीनं कातडं फाडलं, लाकडी कडं चुलीत घातलं, आणि त्या जाळावर आईनं कण्या शिजवल्या. त्या कण्या दादानं खाल्ल्या. पोरगा होता, बाबांच्या मांडीला चिकटून बसलेला. नंतर सगळे नागपूरला आले आणि मी जन्मले. मी त्या कण्या खाल्ल्या नाहीत. आमच्या नागपूरच्या घरात कुणी जेवताना ताटावर बोटं वाजवली तरी बाबा नुसते बघायचे, आणि बोटं थांबायची.

म्हणून त्या दिवशी, ओरडून घसा बसल्यावर, दादा जे हळू बोलला ते मला ओरडण्यापेक्षा लांबून ऐकू आलं.

“बापानं ज्याच्यापायी गाव सोडलं, थे तू गळ्यात घातलं?”

गल्लीतल्या टाळ्या थांबल्या. भाषा कळत नसली तरी आवाज पडलेला कळतो. मार्सेलनं पडदा माझ्याकडे करून फोन छातीशी धरला. मी म्हटलं, “दादा, बाबांनी निरोप्याला नाही म्हटलं होतं. मला कुणी निरोप धाडलेला नाही. मी माझ्या पायानं, दोन विमानं बदलून आलेय.” तो बाजूला सरकला. पडद्यावर नुसतं गॅरेज दिसत होतं. मी मार्सेलला म्हटलं, फोन बंद करू नकोस, जाळाकडे धर. आणि मी वाजवत राहिले. पहिल्यांदा हात चुकला, मग चुकला नाही.

जाळ विझल्यावर ग्रासिएलानं विचारलं की तो माणूस कशाला चिडला. मी इंग्रजीत सांगितलं, बेयानं स्पॅनिशमध्ये. ते तीन मिनिटांत सांगून झालं. दादाचं अख्खं बालपण त्यात मावलं याचा मला रागच आला. ग्रासिएला बराच वेळ काठी पुसत होती. मग म्हणाली, तिच्या आजीची चाळ रिकामी करायचा हुकूम आला तेव्हा लोकांनी भांडी नंतर नेली, आधी ते ड्रम वाजवत बाहेर पडले. आम्हाला वाजवू नका म्हणायचे म्हणून आम्ही वाजवतो, तुम्हाला वाजवा म्हणायचे म्हणून तुम्ही थांबलात, तुझा भाऊ माझ्या ओळखीचा वाटतो. आता हे तिनंच इतकं नेमकं म्हटलं, का बेयानं वाटेत काही घातलं, देव जाणे. देव म्हणायचं नाही. बेया जाणे. आणि मग ग्रासिएलानं तो लहान ड्रम माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, घेऊन जा, त्याच्यासमोर वाजव.

तो ड्रम घेऊन मी टोरोंटोच्या विमानतळावर उतरले. कस्टमच्या बाईनं विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, आवाज. ती हसली नाही. तिथली माणसं हसण्यासाठी वेगळा परवाना काढतात. तिनं ड्रम उलटा केला, सुलटा केला, कुत्र्याला हुंगवला. कुत्र्यानं शेपटी हलवली, दोन ठोके, मध्ये विश्रांती. खोटं वाटतं ना? वाटू दे.

मंडळात बातमी माझ्या आधी पोचली होती. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर इतके मेसेज आले की एका काकांचा फोन तापला आणि काकूंनी त्यावर पापड भाजला. मी म्हटलं होतं, जयंतीला हॉलमध्ये हा ड्रम वाजवणार. निम्मे म्हणाले, आपण ज्यातून बाहेर पडलो ते पोरांना कौतुकानं दाखवायचं? निम्मे म्हणाले, मग ढोल भाड्यानं आणतो तेव्हा कुठे जाते तुमची लाज? मार्चमध्ये आमच्या बेसमेंटमध्ये मीटिंग झाली. दादा कोपऱ्यात, कोट न काढता बसलेला. सगळे मला गुपचूप एकच सांगत होते: भाऊ ठेव, नाहीतर ड्रम ठेव. मला दोन्ही हवे होते. आयुष्यभर लोकांनी माझ्यापुढे दोन ताटं ठेवून एक उचल म्हटलंय, आणि मी दोन्हीत जेवलेय.

दादाची मुलगी प्रज्ञा इथेच वाढलेली. तिला वाटलं ती मला मदत करतेय. “आत्या, टेल हिम. इट्स जस्ट अ ड्रम.”

“जस्ट नाही ग,” मी म्हटलं. “जस्ट असता तर मी उचलून आणलाच नसता. तुझे बाबा चिडलेत ते बरोबर चिडलेत. मी वाजवणार आहे ते पण बरोबर वाजवणार आहे.”

त्या संध्याकाळी दादानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग उठला, म्हणाला, वाजव, पण मी आत नसेन. आणि बूट घालून गेला.

जयंतीच्या दिवशी शाळेची जिम भाड्यानं घेतली होती. एप्रिल अर्धा संपला तरी बाहेर भुरभुर बर्फ. दादा सगळ्यांच्या आधी आला होता. त्यानं खुर्च्या लावल्या, माइक तपासला, फोटोला हार घातला, वंदना म्हटली, दोन पानी भाषण केलं. मग कार्यक्रमपत्रिकेत माझी पाच मिनिटं आली तेव्हा त्यानं माइक शेजारच्याच्या हातात दिला, मधल्या वाटेनं चालत गेला, आणि जिमचं जड दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

आणि ड्रम ढिला पडलेला. रात्रभर गाडीच्या डिकीत राहिल्यामुळे कातडं ओलसर, भिजक्या पापडासारखं. जिममध्ये जाळ करायचा तर फायर अलार्म, तीन बंब आणि पुढच्या जयंतीला कायमची बंदी. मी ड्रम घेऊन लेडीज वॉशरूममध्ये शिरले आणि हात वाळवायच्या यंत्राखाली धरला. यंत्र दर थोड्या वेळानं बंद पडायचं, मी कोपरानं परत चालू करायची. मागे निऱ्या सावरत बायकांची रांग लागली. ती जिममधून, पार्किंगमधून, पार गॅस स्टेशनपर्यंत गेली असं म्हणतात. आधी कुरकूर झाली. मग एक ताई पुढे झाली आणि शेजारचं दुसरं यंत्र चालू करून म्हणाली, इकडून पण धरा, तिकडची बाजू थंड राहतेय. आम्ही दोघी ते पिंप फिरवत उभ्या. कातडं चढत गेलं. मी तळहातानं वाजवून पाहिलं आणि वॉशरूमच्या फरशांनी उत्तर दिलं.

स्टेजवर मी भाषण केलं नाही. नऊवारी नाही, फेटा नाही, ऑफिसला नेसायचे ती साडी आणि पायांत विंटर बूट. एवढंच म्हटलं की आज मला कुणी वाजवायला बोलावलेलं नाही, मी आपण होऊन उभी आहे, आणि ज्याला ऐकायचं नाही त्यानं खुशाल पाठ फिरवावी. तिसऱ्या रांगेतल्या एकानं खरंच खुर्ची उलटी केली. मी त्याच्या पाठीला बघून सुरुवात केली. एकदा हात, दोनदा काठी. मोठा ड्रम नव्हता, मधला नव्हता, वाट दाखवायला नुसता लहान, आणि वाट विचारणारं कुणी नाही. पाच मिनिटं दिली होती; माझं मनगट घड्याळ मानत नाही. काहींनी टाळ्या धरल्या, काहींनी हात मांडीखाली दाबून ठेवले, पोरं धावत पुढे येऊन स्टेजच्या फळीवर तळहात ठेवून उभी राहिली. उलट्या खुर्चीवरचा माणूस शेवटपर्यंत उलटाच राहिला. त्याचाही मी मान राखला, जोरात वाजवून.

संपल्यावर मी ड्रम खांद्यावरून उतरवलाच नाही. तशीच दार ढकलून बाहेर गेले. पार्किंगच्या टोकाला दादाची गाडी उभी होती, इंजिन बंद, तो ड्रायव्हरच्या सीटवर, समोरच्या काचेकडे बघत. टोपी नव्हती. मी त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले. केसांवर बर्फ पडत होता आणि हात इतका लाल झाला होता की सिग्नलला लावला असता तर गाड्या थांबल्या असत्या. काय बोलायचं ते मी स्टेजपासून इथपर्यंत चारदा ठरवलं होतं. तोंडातून आलं ते पाचवंच.

“ऐकलंस?” मी विचारलं.

त्यानं किल्ली फिरवली, वायपर चालू केले.

“खिडकीची काच खालीच होती,” तो म्हणाला.